एसक्यूलाइट संथ चालतंय? आधी जर्नल मोड बघा
एसक्यूलाइट हा एका फाइलमध्ये राहणारा डेटाबेस. त्याच्या मूळच्या 'डिलीट' मोडमध्ये प्रत्येक ट्रान्झॅक्शनला (एकत्र पूर्ण होणाऱ्या बदलांच्या गटाला) जर्नल फाइल, म्हणजे बदल अर्धवट राहिला तर जुनं परत आणायची नोंद, बनते, डिस्कवर सिंक होते, मग मुख्य फाइल लिहून सिंक होते आणि शेवटी जर्नल पुसली जाते. खरा वेळ खातं ते हे एफसिंक, म्हणजे डिस्कवर पक्कं लिहिलं जाईपर्यंत थांबणं. म्हणून आधी सुटे इन्सर्ट (नवीन नोंदी घालणं) एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घ्या.

मग जर्नल मोड 'वॉल' (WAL, म्हणजे बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहायचा मोड) करा. हा मोड डेटाबेस फाइलमध्ये कायम राहतो. सिंक्रोनस (किती वेळा सिंक करायचं ते ठरवणारी सेटिंग) 'नॉर्मल' मात्र प्रत्येक कनेक्शनला पुन्हा लावायचं. त्यात वीज गेली तर शेवटचे काही कमिट (पूर्ण झालेले ट्रान्झॅक्शन) जाऊ शकतात, डेटाबेस बिघडत नाही. पैशांच्या नोंदी असतील तर 'फुल'च ठेवा.

चेकपॉइंट (वॉल फाइलमधले बदल मुख्य फाइलमध्ये नेणं) आपोआप १००० पानांना, म्हणजे साधारण ४ एमबीला होतो. एखादं वाचन तासभर उघडं राहिलं, तर चेकपॉइंट पूर्ण होत नाही आणि वॉल फाइल फुगत जाते. नेटवर्क ड्राइव्हवर वॉल वापरूच नका.