किल्लीविना कुलूप उघडण्याचा छंद

काही वर्षांपूर्वी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी आमच्या गोव्यातील फोंड्याकडील घरातील कोठीची किल्ली सापडेनाशी झाली, आणि गणपतीच्या वर फळे-भाज्या बांधून टांगतात त्या माटोळीची लाकडी चौकट नेमकी त्याच कोठीत होती. कुलूप उघडण्याच्या छंदात मी तेव्हा वर्षभर मुरलो होतो, त्यामुळे मोठ्या तोऱ्यात हत्यारे घेऊन बसलो. पण घरातले सगळे मागे उभे राहिल्याने हात जड झाला, हुकाचे टोक आतच मोडले आणि अखेरीस भावाने करवतीने कडी कापली. तेव्हापासून पहिला नियम मी स्वतःसाठीही पाळतो: रोजच्या वापरातील कुलपावर सराव करू नये. दुसरा नियम सांगण्याची गरज पडू नये, तरी सांगतो. कुलूप स्वतःचे असावे, अथवा मालकाने समोर उभे राहून परवानगी दिलेली असावी.

सरावासाठी जुन्या दाराचे, किल्लीसह मिळालेले पितळी पिन-सिलिंडर सर्वांत सोयीचे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडे असे काही हाती लागते का, ते पाहावे. १८६१ साली अमेरिकेत लायनस येल कनिष्ठ याने पेटंट घेतलेली रचनाच मुळात त्यात असते. फिरणाऱ्या गाभ्यात सहसा पाच किंवा सहा भोके एका ओळीत असतात. प्रत्येक भोकात किल्लीला टेकणारी एक पिन, तिच्यावर दुसरी पिन आणि तिच्यावर स्प्रिंग असते. योग्य किल्ली घातली की दोन्ही पिनांमधील सांधे गाभ्याच्या कडेशी एका रेषेत येतात आणि गाभा फिरतो. सगळी भोके अगदी तंतोतंत एका ओळीत पाडलेली असती, तर किल्लीविना कुलूप उघडणे फार अवघड झाले असते. प्रत्यक्षात यंत्रकामात केसभर फरक राहतोच, म्हणून गाभ्यावर हलका ताण दिला की सर्व पिना एकदम न अडकता आधी एकच अडकते. या छंदाचा सारा आधार तो केसभर फरक आहे.

हे डोळ्यांनी पाहण्यासाठी सिलिंडर एकदा उघडावेच. मागची क्लिप काढावी, किल्ली घालून गाभा थोडा फिरवावा आणि त्याच व्यासाची लाकडी दांडी मागून लावत, मध्ये फट न ठेवता, गाभा पुढे सरकवावा. दांडी क्षणभर जरी मागे राहिली तरी स्प्रिंगा उडतात. मी एकदा बल्कांवावर (दारापुढच्या ओसरीवर) बसून हे काम केले आणि तिसरी स्प्रिंग अंगणातल्या चिखलातून शोधून काढली. तेव्हापासून काठाच्या ताटात काम करतो. पिनांचा क्रम लिहून ठेवावा, आणि परत जोडताना पहिल्यांदा एकाच भोकात पिना व स्प्रिंग घालून गाभा बसवावा. एक पिन सहज जमू लागली की दोन, मग तीन.

हत्यारे दोनच लागतात. ताण देण्यासाठी गाडीच्या जुन्या वायपरमधील पोलादी पट्टी टोकाशी काटकोनात वाकवून घ्यावी. हुकासाठी हॅकसॉ ब्लेडचा तुकडा घासून निमुळता करावा. घासताना तो वारंवार पाण्यात बुडवावा, कारण तापून निळा पडलेला पोलाद मऊ होतो आणि वाकतो. डोळ्यांना चष्मा लावावा.

आता प्रत्यक्ष कृती. पट्टी किल्लीच्या खाचेच्या कडेला टेकवून एका बोटाने इतकाच ताण द्यावा की नखाची लाली जेमतेम फिकट व्हावी. हुकाने मागून पुढे एकेक पिन हलकेच चाचपावी. ज्या पिना लवचीकपणे वरखाली होतात त्या सोडून द्याव्यात. जी ताठ लागते ती सावकाश उचलावी. ती रेषेत आली की बारीकसा 'टक्' जाणवतो आणि गाभा किंचित सरकतो. मग पुढची ताठ पिन शोधावी. गाभा बराच फिरून मध्येच थांबला, तर वरच्या पिनांपैकी एखादी रिळासारखी मध्ये बारीक केलेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी ताण किंचित सैल करत ती पिन उचलावी. काहीच ताठ लागेनासे झाले तर पिना जास्त उचलल्या गेल्या आहेत असे समजावे आणि पट्टी पूर्ण सोडून पुन्हा आरंभ करावा. हा पुन्हा आरंभ चवथीच्या आदल्या त्या दिवशी कोठीच्या कुलपापुढे माझ्याकडून झाला नाही.

धीराचे माप हवे असेल तर १८५१ सालच्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळची हकिकत पाहावी. आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने चब्ब या इंग्रज कुलूपकारांचे कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले; पण ब्रामा या दुसऱ्या इंग्रज कुलूपकाराच्या कुलपासाठी त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले.

गोव्यात आणखी एक अडचण येते, ती खाऱ्या हवेची. पावसाळाभर पडून राहिलेल्या कुलपात पिना गंजाने चिकटतात आणि अडकलेली पिन व गंजलेली पिन बोटाला सारखीच लागते. घरोघरी यावर खोबरेल तेल सोडतात. ते धूळ धरते, थंडीत गोठते आणि आत चिकट मळी करते. घराच्या आतील कुलपाला पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड, तर पावसात भिजणाऱ्या कुलपाला शिवणयंत्राचे पातळ तेल घालावे. दोन्ही एकत्र मात्र कधीही घालू नये, कारण त्याचा लगदा होतो. सरावाचे कुलूप आधी रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून घ्यावे.

जुन्या घरांच्या दारांना दांडीच्या टोकाशी दात असलेल्या किल्लीची कुलपे असतात. त्यांत पिनांऐवजी पट्ट्यांसारखे लिव्हर असतात. ताण कडी अडवणाऱ्या खिट्टीवर द्यावा लागतो आणि हत्यारेही निराळी लागतात. पाच पिनांचे सिलिंडर डोळे मिटून सलग दहा वेळा उघडता येईपर्यंत त्यांच्या वाटेला जाऊ नये. आमच्या कोठीला आता तसलेच कुलूप आहे, आणि त्याची दुसरी किल्ली शेजारच्या वहिनींकडे ठेवलेली आहे.