आजोबांचं काळं पेन पाण्यात बुडवू नका

दिवाळीच्या साफसफाईत इंदूरच्या घरी माळ्यावर आजोबांचं ड्रॉपरने शाई भरायचं पेन सापडलं. वाळलेली शाई निघावी म्हणून रात्रभर वाटीत बुडवून ठेवलं. सकाळी बघतो तर काळं पेन शेवाळी-तपकिरी! प्लास्टिक नव्हतंच ते. एबोनाइट होतं, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. जुने कंगवेही याचेच असायचे.

१. आधी ओळखा. टोपण अंगठ्याने खसाखसा घासून लगेच हुंगा. रबर-गंधकाचा वास आला की एबोनाइट. काही जण तापलेली सुई टोचून बघतात. तो व्रण कायमचा राहतो.

२. पेन उघडून फक्त निबेकडचा भाग साध्या, गार पाण्यात धरा. निळं पाणी यायचं थांबेपर्यंत पाणी बदलत राहा. वेळ लागतो, चहा घेऊन बसा. नळी आतून ड्रॉपरनेच धुवा.

३. बाहेरून जेमतेम ओलसर फडकं फिरवून लगेच कोरडं पुसा.

वाळवायचं सावलीत, कारण उन्हानेही रंग उडतो. आणि हो, डबीत चांदीच्या वस्तूंशेजारी ठेवू नका. गंधकाने चांदी काळवंडते. आमच्या आजीच्या करंड्याचं तेच झालं.