थंडीत घरात सायकल चालवताना सीट टोचते? नवीन सीट घ्यायच्या आधी हे करा

बाहेर तीन-तीन तास मजेत सायकल चालवणारे लोक थंडीत घरात ट्रेनर लावतात, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड, आणि अर्ध्या तासात कळवळतात, मग पहिला विचार काय तर सीट बदलू. थांबा जरा. सीट तीच आहे, फक्त घरात आपण तिच्यावरून हलतच नाही. रस्त्यावर खड्डा आला की बूड उचलतो, उतारावर पेडल थांबवतो, सिग्नलला पाय टेकतो, सायकलपण थोडी डुलत असते. ट्रेनरवर मागचा भाग घट्ट आवळलेला, म्हणजे भार सलग एकाच जागी.

म्हणून दर दहा मिनिटांनी पेडलवर उभं राहा, वीस-तीस सेकंद पुरे. पण दुखायच्या आधी हं, त्यासाठी मोबाईलवर टायमरच लावा. उभं राहताना एक-दोन गियर जड करा नाहीतर पाय नुसते गरगर फिरतात. आणि बसूनसुद्धा सारखं एकदम हलक्या गियरवर चालवू नका, पेडलवर जोर पडला की तेवढाच भार सीटवरून कमी होतो, ही गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही.

मग लेव्हल बघा. मागचं चाक न काढता लावायचा ट्रेनर असेल तर मागची बाजू वर उचलली जाते, पुढच्या चाकाखाली ठोकळा नसला की आपण सीटवरून पुढे घसरत राहतो आणि नेमका नको त्या नाजूक जागी दाब येतो. प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेल्या एक्सलची, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या दांड्याची, जमिनीपासून उंची टेपने मोजा, दोन्हीकडे, सारखी यायला हवी. पेडल मारताना कंबर डावी-उजवी हलत असेल तर सीट उंच झालीय, दोन-तीन मिलिमीटर खाली घ्या आणि परत चालवून बघा, एकदम जास्त नको.

बाहेर कितीही गारठा असो, घरात पंखा लागतोच, कारण समोरून वारा नाही, घाम मांड्यांत साचतो आणि ओली कातडी लगेच सोलवटते. पॅडवाली शॉर्ट घाला, तिच्या आत अंडरवेअर नको, घासतं तिथे क्रीम लावा, आणि उतरल्या उतरल्या शॉर्ट बदला, तीच न धुता उद्या परत घालू नका प्लीज. बधीर वाटलं किंवा मुंग्या आल्या तर तिथेच उतरा, ते सहन करायचं नसतंच. फोड आला तर बरा होईपर्यंत सायकल बंद, आणि बराच होत नसेल तर डॉक्टरला दाखवा.

एवढं करूनही दुखत असेल तर मग सीटकडे वळा. नालीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवून त्यावर बसा, थोडं पुढे वाका, उठल्यावर दोन खळगे दिसतील, ती तुमची बसायची हाडं. खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. सीट त्या मापापेक्षा थोडी रुंद हवी, म्हणजे दोन्ही हाडं गादीवर नीट टेकतात. फार मऊ जाड सीट मात्र घेऊ नका, हाडं आत रुततात आणि मधला भाग वर येऊन टोचतो.