शाळेत कचऱ्याचे धडे द्यायला निघालात? या चुका टाळा

"ताई, तुम्ही गेलात ना, त्या दिवशी संध्याकाळी दोन्ही डबे एकाच पिशवीत रिकामे केले."

सांगणारी मुलगी आठ-नऊ वर्षांची. सूर तक्रारीचा नव्हता, बातमी सांगावी तसं सांगत होती. आठवड्यापूर्वी आम्ही विद्यापीठातले सहा जण तिच्या शाळेत ओल्या-सुक्या कचऱ्याचा कार्यक्रम करून आलो होतो. चित्रं झाली, खेळ झाला, दोन नवे कोरे डबे वर्गाबाहेर ठेवले, मुलांनी हात पुढे करून शपथही घेतली. शाळा सुटल्यावर ही मुलगी डब्यांपाशी थांबली होती, पुढे काय होतं ते बघायला. मी तिला काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. ते तिला पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ते मला आजही टोचतं.

कचरा हा विषयच असा आहे की मुलं तो तपासून बघू शकतात. ग्रहताऱ्यांबद्दल आपण सांगू ते त्यांना मानून घ्यावं लागतं. कचऱ्याचा डबा मात्र त्यांच्या दारात असतो. म्हणून विद्यापीठातून शाळेत जाताना आपण जे सांगू, जे करू, ते मुलांच्या तपासणीत टिकलं पाहिजे. पुढच्या बहुतेक चुका मी केलेल्या आहेत, उरलेल्या जवळून पाहिलेल्या.

डबे आधी, चौकशी नंतर

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. डबे कोण रिकामे करतं, किती वाजता, आणि तिथून कचरा कुठे जातो, हे आम्ही विचारलंच नव्हतं. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं होतं, शिक्षकांशी झालं होतं. ज्या मावशी रोज ते डबे उचलतात त्यांच्याशी कुणीच बोललं नव्हतं. नंतर जाऊन बसलो तेव्हा पाच मिनिटांत उलगडा झाला: त्यांच्याकडे ढकलगाडी एक, दिवसाला पिशवी एक, आणि कचरा नेणारी गाडीही सगळं एकत्रच घेणारी. त्यांनी वेगळं ठेवलं असतं तरी फाटकापाशी ते एकच होणार होतं.

म्हणून कार्यक्रमाची तारीख ठरवण्याआधी एक दिवस नुसता कचऱ्याच्या मागे जा. डब्यापासून गाडीपर्यंत, जमलं तर गाडी जिथे रिकामी होते तिथपर्यंत. पुढे वेगळा कचरा घेणारं कुणी नसेल तर दोन डब्यांचा सोपस्कार करू नका. त्याऐवजी शाळेच्या आवारातच पूर्ण होईल असं काहीतरी घ्या. ओल्या कचऱ्याचं खत तिथेच होऊ शकतं. पाठकोरे कागद वर्गातच पुन्हा वापरता येतात. ज्या एका-दोन वस्तू नेणारा खात्रीचा माणूस आहे, तेवढ्याच वेगळ्या जमवा. आम्ही दुसऱ्या फेरीत सुक्याचा डबा काढून फक्त कागदासाठी एक खोका ठेवला. दिसायला ते फारच लहान काम होतं, पण ते खरं होतं, आणि मुलांनी खोका कुणाच्या हाती गेला हे डोळ्यांनी पाहिलं.

त्या मावशींना आम्ही वर्गातही बोलावलं. फुटलेली काच कागदात न गुंडाळता टाकली तर काय होतं, हे त्यांनी स्वतःचा हात दाखवून सांगितलं. आमच्या कुठल्याही चित्रापेक्षा मुलं त्या दिवशी जास्त गप्प होती. इथे एक काळजी घ्या: कचरा वेचण्यावर ज्यांचं घर चालतं अशी मुलं त्याच वर्गात असू शकतात. ‘घाणीत काम करणारे’ असा शब्द चुकूनही तोंडी येऊ देऊ नका. वस्तू हाताने ओळखून वेगळी करणं हे कसब आहे, आणि ते मुलांसमोर कसब म्हणूनच आलं पाहिजे.

बाणांच्या त्रिकोणाचा चुकीचा अर्थ

‘हे चिन्ह असलं की वस्तू रिसायकल होते’ असं सर्रास शिकवलं जातं. मुलं मग घरी जाऊन प्रत्येक डबा उलटा करतात, प्रत्येकावर त्रिकोण सापडतो आणि सगळं एका पिशवीत जातं.

एकमेकांमागे धावणाऱ्या तीन बाणांचं चिन्ह १९७० सालचं. गॅरी अँडरसन या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने ते एका स्पर्धेसाठी काढलं होतं. तो तेव्हा २३ वर्षांचा होता. मोठ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा, त्यांना ती फार आवडते. पण प्लास्टिकवरचा आकडा असलेला त्रिकोण वेगळा. तो १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने आणला, आणि त्याचं काम एवढंच की वस्तू कोणत्या जातीच्या प्लास्टिकची आहे ते सांगणं. १ म्हणजे पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), २ म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन (थर्माकोल याचाच), ७ म्हणजे ‘इतर’. गोंधळ इतका वाढला की २०१३ मध्ये मानकात बाण काढून साधा भरीव त्रिकोण घ्यायचं ठरलं. जुने साचे मात्र अजून चालू आहेत, त्यामुळे बाण दिसतातच.

मुलांना सांगायचं वाक्य सोपं आहे: "हा आकडा म्हणजे प्लास्टिकचं नाव. त्याचं पुढे काय होतं ते आपल्याला शोधायचंय."

‘बाटली कुजायला ४५० वर्षं लागतात’

हा आकडा जवळजवळ प्रत्येक तक्त्यावर असतो. एकदा एका मुलाने विचारलं, "कुणी मोजलं?" बरोबर विचारलं त्याने. पेटच्या बाटलीचं पेटंट १९७३ सालचं आहे, आणि कारखान्यात बनवता येईल असं पॉलिथिनच मुळात १९३३ मध्ये सापडलं. ४५० वर्षं थांबून पाहिलेलं कुणीही नाही. हे अंदाज आहेत, आणि वस्तू उन्हात पडली आहे, समुद्रात आहे की मातीखाली, यावर ते प्रचंड बदलतात.

आकड्याऐवजी कारण सांगा. पानाचे तुकडे करणारी विकरं (एन्झाइम) सूक्ष्मजीवांकडे कोट्यवधी वर्षांपासून आहेत. प्लास्टिक त्यांच्यासाठी कालपरवाचं. पेट पचवू शकणारा एक जिवाणू जपानमध्ये सापडल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं, पण त्याचं काम फार सावकाश चालतं. बाकी बहुतेक ठिकाणी प्लास्टिक ऊन लागून ठिसूळ होतं आणि बारीक होत जातं, नाहीसं होत नाही.

आणि ‘कागद महिन्याभरात कुजतो’ हेही बिनदिक्कत सांगू नका. अॅरिझोना विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथ्जे यांनी १९७३ मध्ये कचऱ्याच्या अभ्यासाचा एक प्रकल्प सुरू केला. पुढे त्यांच्या चमूने कचऱ्याच्या भराव-जागा खणल्या, तेव्हा कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचता येतील अशा स्थितीत निघाली. दाबलेल्या कचऱ्यात हवा नाही, ओल कमी. मग कुजणार कसं? दोन कुंड्या घ्या. दोन्हींत कागद, पान, सुती चिंधी आणि प्लास्टिकचा तुकडा जाळीच्या पिशवीत घालून पुरा. एक ओली आणि भुसभुशीत ठेवा, दुसरी कोरडी आणि दाबून भरलेली. आठ आठवड्यांनी दोन्ही उकरा. तक्त्यापेक्षा मुलांना ते कायम लक्षात राहतं.

तरंगण्या-बुडण्याचा प्रयोग फसतो तेव्हा

हा माझा सगळ्यांत आवडता प्रयोग, म्हणून थोडं सविस्तर. पाण्याची बाटली घ्या. बाटली पेटची, झाकण बहुधा जास्त घनतेच्या पॉलिथिनचं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं. दोन्हींचे नखाएवढे तुकडे करून काचेच्या भांड्यातल्या पाण्यात टाका. पाण्याची घनता १ धरली तर पेटची साधारण १.३८, ते बुडतं. झाकणाची ०.९ ते ०.९५, ते तरंगतं. कारखान्यात बाटल्यांचा चुरा करून तो पाण्यात सोडतात तेव्हा याच तत्त्वावर तो वेगळा होतो. ‘एकच बाटली’ म्हणून हातात धरलेली वस्तू मुलांच्या डोळ्यांदेखत दोन होते.

फसतं कुठे? बहुतेक वेळा पेटचे तुकडेही तरंगतात आणि मुलं आपल्याकडे बघायला लागतात. तुकड्यांना हवेचे बुडबुडे चिकटलेले असतात. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, तुकडे बोटाने एकदा पाण्याखाली चोळा, सुळकन तळाशी जातात. दुसरी अडचण गळ्याशी उरलेल्या कड्याची: ते झाकणाच्याच प्लास्टिकचं असतं, म्हणून तरंगतं. ते आधी न काढता मुलांनाच शोधू द्या. तिसरी गोष्ट थर्माकोलची. कुणीतरी तो आणतंच आणि तो टुणकन वर राहतो. पॉलिस्टायरीनची घनता १.०५ च्या आसपास, म्हणजे भरीव तुकडा साध्या पाण्यात बुडतो, पण थर्माकोलमध्ये बहुतांश हवाच असते. भरीव पॉलिस्टायरीनचा तुकडा मिळाला तर लिटरभर पाण्यात २०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाका. आता तो तरंगेल आणि पेट तरीही बुडालेलंच राहील. तुकडे मात्र आधीच कापून न्या. जाड झाकण कापणं मुलांच्या कात्रीचं काम नाही.

एका दिवसात खत

विद्यापीठाची भेट दोन तासांची, खताला लागतात दोन-तीन महिने. पहिल्या दिवशी सुरुवात करून निघून यायचं आणि मागे वास मारणारी बादली शिक्षकांच्या गळ्यात घालायची, असं अनेकदा होतं. तीन भेटी ठरवता येत नसतील तर खत हा विषय घेऊच नका, इतकं स्पष्ट माझं मत आहे.

घेतलात तर या खुणा शाळेत लिहून ठेवा. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा नाही आणि ओल जास्त: सुकी पानं मिसळून उलथापालथ करा. नाकात झोंबणारा वास म्हणजे नायट्रोजन जास्त, हिरवा आणि ओला माल फार झाला. उपाय तोच, सुकी पानं. काहीच घडत नाही, सगळं जसंच्या तसं, म्हणजे कोरडं पडलंय. मुठीत दाबल्यावर पिळलेल्या फडक्याइतकी ओल लागली पाहिजे. चिलटं झाली तर वर सुक्या पानांचा थर द्या. शास्त्रात कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण २५ ते ३० ला १ सांगतात. मुलांसाठी ‘ओलं एक वाटी, सुकं दोन-तीन वाट्या’ पुरे.

आणि थर्मामीटर लावून ‘बघा, तापतंय’ असं आधीच सांगू नका. मोठा ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो, पण त्यासाठी तो लांबी-रुंदी-उंचीला मीटरभर तरी लागतो. बादलीतली उष्णता लगेच निघून जाते.

वस्तू आणा म्हणून सांगणं

‘उद्या प्रत्येकाने दोन रिकाम्या बाटल्या आणा.’ दुसऱ्या दिवशी चाळीस मुलं ऐंशी बाटल्या घेऊन येतात, त्यातल्या कित्येक आदल्या संध्याकाळी विकत घेऊन रिकाम्या केलेल्या. एका मुलाने मला हे अगदी सरळपणे सांगितलं: "घरी नव्हत्या, म्हणून बाबांनी आणल्या." कचरा कमी करायला शिकवताना आपणच तो तयार करवून घेतला. त्यावर रंग, चमकी आणि गोंद लावून शोभेची वस्तू केली की ती बाटली पुढे कुणी घेतही नाही. वस्तू हव्या असतील तर शाळेच्या डब्यातून, आठवडाभर आधी, धुऊन-वाळवून जमवा.

याच्याच मागे मोठी चूक आहे: सगळा वेळ रिसायकलिंगवर घालवणं. २०१५ पर्यंत जगात तयार झालेल्या प्लास्टिक-कचऱ्यापैकी सुमारे ९ टक्केच रिसायकल झाला, असं २०१७ च्या एका गाजलेल्या अभ्यासात मांडलं गेलं. अॅल्युमिनियमचं तसं नाही. खनिजापासून काढण्याच्या तुलनेत ते वितळवून पुन्हा वापरलं तर ९५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा वाचते. दोन्ही गोष्टी सांगा. आणि त्याआधी, ही वस्तू लागलीच नसती तर, हा प्रश्न मुलांना विचारा.

हाताळणी

थोडक्यात, पण यात तडजोड नको. खरा मिश्र कचरा मुलांसमोर ओतायचा नाही. सुया, काच, औषधं, सेल टेबलावर नकोत. नाण्यासारखे लिथियम सेल तर खोलीतही नकोत: गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. दाखवायचे असतील तर चित्र पुरेसं आहे.

प्रश्नपत्रिकेवर समाधान मानणं

कार्यक्रम संपला की आपण दहा प्रश्न देतो, मुलं नऊ बरोबर सोडवतात, अहवाल छान होतो. रॅथ्जे यांच्या प्रकल्पात वारंवार दिसलं ते हेच, की लोक सांगतात एक आणि त्यांच्या कचऱ्यात सापडतं दुसरं. म्हणून डबा मोजा. जाण्याआधी सलग पाच दिवस, आणि महिन्याभराने पुन्हा पाच दिवस. साधा ताणकाटा, एक वही, रोज एकच वेळ. ओला कागद जड भरतो, तेव्हा पावसाचा दिवस असेल तर शेजारी लिहून ठेवायला सांगा.

आमच्याकडे ती वही त्याच मुलीने सांभाळली. तिच्या वहीत एका दिवशी आकडा नाही. तिथे लिहिलंय, ‘आज मावशी आल्या नाहीत, डबा तसाच आहे.’ दुसऱ्या दिवशीचं वजन जवळपास दुप्पट का भरलं, हे अहवाल लिहिताना मला त्या ओळीवरून कळलं.