मेद पळून जाण्याआधी रंगवा: ऑइल रेड ओ कसे वापरावे

मिसळीच्या कटावर तरंगणारी लाल तर्री आठवा. मिरचीचा रंग खालच्या पाण्यापेक्षा वरच्या तेलात जास्त उतरतो. ऊतीतला मेद शोधण्याची युक्तीही हीच. ऑइल रेड ओ, सुदान ३, सुदान ४ ही रंजकं मेदाला चिकटत नाहीत, त्यात विरघळतात. (तेलावरच्या याच प्रेमापायी सुदान १ मिरचीपुडीत भेसळ म्हणून घुसलं आणि २००३ साली युरोपात आपल्या मिरचीवर बालंट आलं. ही रंजकं खाण्यात चालत नाहीत. हातमोजे घाला.)

म्हणजे रंगवणं सोपं, तोवर मेद जागेवर टिकवणं अवघड. नेहमीच्या पॅराफिन ब्लॉकसाठी, म्हणजे मेणात बसवलेल्या नमुन्यासाठी, ऊती अल्कोहोल आणि झायलीन या मेद विरघळवणाऱ्या द्रावकांमधून जाते आणि मेद तिथेच धुऊन निघतो. चरबी साठलेल्या यकृताच्या कापात मग नुसती पांढरी गोल भोकं उरतात. तिथे मेद होता हा अंदाज झाला, पुरावा नाही. म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर 'पॅराफिन नको' असं ठळक लिहा; एकदा नमुना प्रोसेसरमध्ये (ही द्रावकं आणि मेण आपोआप देणाऱ्या यंत्रात) गेला की काही करता येत नाही.

आधी साठ्याचं द्रावण करा. १०० मिली आयसोप्रोपॅनॉलमध्ये अर्धा ग्रॅम ऑइल रेड ओ विरघळवून बाटली घट्ट बंद करा, ती बरीच टिकते. वापरायच्या दिवशी यातलं ३० मिली घेऊन त्यात २० मिली डिस्टिल्ड वॉटर मिसळा, १० मिनिटं ठेवा आणि गाळा. पाणी का? आयसोप्रोपॅनॉल ६० टक्क्यांवर आलं की रंजकाला त्या द्रावणात राहवत नाही, ते मेदाकडे धावतं. शिवाय इतक्या पातळ आयसोप्रोपॅनॉलने मेद फारसा धुपत नाही. मात्र हे द्रावण काही तासांचंच पाहुणं. शिळं वापरलं तर रंजकाचे लाल कण कापभर पसरतात आणि नवख्याला तेच मेदाचे थेंब वाटतात. गाळण्याचा कंटाळा करू नका.

आता काप. ताजी ऊती गोठवून क्रायोस्टॅटवर (गोठलेल्या ऊतीचे पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर) ८ ते १० मायक्रॉनचे काप घ्या. ते स्लाइडवर हवेत वाळवा आणि १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये ५ ते १० मिनिटं ठेवा. फॉर्मलिन मेदाला थेट बांधत नाही, भोवतालची प्रथिनं घट्ट करतं; त्या जाळ्यात मेद अडकून राहतो. मग पाण्याने धुवा.

स्लाइड ६० टक्के आयसोप्रोपॅनॉलमध्ये बुडवून काढा, रंजकात १० ते १५ मिनिटं ठेवा, पुन्हा ६० टक्क्यांत झटकन बुडवा. इथे रेंगाळलात तर रंग उतरू लागेल. पाण्याने धुऊन केंद्रकं रंगवणाऱ्या मेयरच्या हिमॅटॉक्सिलिनमध्ये मिनिटभर ठेवा, मग नळाच्या पाण्याखाली निळसर होऊ द्या. मेद लालभडक, केंद्रकं निळी.

कव्हरस्लिप (कापावर ठेवायची पातळ काच) ग्लिसरीन जेलीने लावा. हाताच्या सवयीने झायलीनवाला माउंटंट (काच चिकटवायचं द्रव्य) उचललात तर इतका वेळ जपलेला मेद शेवटच्या पायरीवर विरघळेल. कव्हरस्लिप दाबूही नका, थेंब सरकतात आणि एकमेकांत मिसळतात. सोबत मेद नक्की असलेल्या ऊतीची एक स्लाइड रंगवा. तीच लाल झाली नाही तर दोष द्रावणात आहे, रुग्णाच्या नमुन्यात नाही. कॉलेजात सराव करायचा तर भिजवलेल्या शेंगदाण्याचा पातळ काप आणि सुदान ३ पुरे.

मेद कायमचा टिकवायचा असेल तर ऑस्मियम टेट्रॉक्साइड. ते मात्र खऱ्या अर्थाने बंध जोडतं: असंतृप्त मेदाम्लांच्या दुहेरी बंधांना धरून काळं पडतं, मेद अविद्राव्य होतो आणि नंतर पॅराफिनमधूनही सुखरूप जातो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या कामात ते रोजचंच. पण ऊतीत ते हळू शिरतं, म्हणून तुकडा मिलिमीटरभरच ठेवा. महाग तर आहेच, त्याची वाफ डोळ्यांनाही इजा करते. फ्यूम हूडबाहेर (वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर) बाटली उघडायची नाही, घाई असली तरी.

ऑइल रेड ओच्या स्लाइड टिकाऊ नाहीत. रंग थेंबांतून हळूहळू बाहेर पसरतो. फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.