हॉलंड बघायचे तर बांधावरून

पहिल्यांदा हॉलंडला निघाले तेव्हा धाकटी बहीण म्हणाली, "चोडण सोडून तिथेही पाणीच बघायला जातेस?" खरे होते तिचे. आमचे घर गोव्यातल्या चोडण बेटावर, खाजनाच्या म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीच्या काठी, आणि बाबांकडे मानशीची, म्हणजे त्या बांधातल्या पाण्याच्या दाराची राखण. भरती आली की मानशीची फळी पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते, ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून नदीत जाते, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. भाचा तिकडे नोकरीला असल्यामुळे दोनदा जाणे झाले, एकदा मे महिन्यात आणि एकदा सप्टेंबरात. आता ओळखीचे लोक विचारतात, म्हणून एकदाच सगळे लिहून ठेवते.

कागदपत्रांचे आधी उरकते. शेंगेन व्हिसा लागतो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. ट्यूलिप हवे असतील तर एप्रिल. मला विचाराल तर मे संपता संपता जा. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, कुरणात गाईंबरोबर वासरे दिसतात आणि फुलांची गर्दी ओसरलेली असते. छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करतो. टोपीचा रेनकोट न्या.

एका दिवसात चार गावे दाखवणाऱ्या बसमध्ये मात्र बसू नका. मी पहिल्या खेपेला बसले. प्रत्येक गावात चाळीस मिनिटे, त्यातली वीस चीजच्या दुकानात. ती गावे पाण्यामुळे घडली आहेत आणि पाणी बसच्या खिडकीतून कळत नाही.

सुरुवात आम्स्टरडॅमच्या मुख्य स्टेशनामागून करा. तिथून उत्तरेच्या काठावर जाणारी फेरीबोट फुकट आहे, सायकलसकट. रायबंदरच्या धक्क्यावर वाढलेल्या माणसाला तिथे काही शिकवावे लागत नाही. फळी खाली येण्याआधीच सगळे पुढे सरकतात, अगदी आपल्यासारखे. पलीकडे उतरून पूर्वेला डुर्गरडॅमची वाट धरा. लाकडी घरांची एक लांब ओळ बांधाला चिकटून उभी आहे. तिथून बांधावरून आउटडॅम आणि पुढे मार्केन, एकूण वीसेक किलोमीटर. बांधाची दुरुस्ती चालू असली तर पाट्या बघून वळसा घ्यावा लागतो.

या वाटेवर एकदा तरी सायकल उभी करून दोन्ही बाजूंना बघा. एका हाताला तळे, दुसऱ्या हाताला कुरण, आणि कुरण तळ्याच्या पाण्याहून खाली. गाय पाण्याच्या पातळीखाली चरते आहे. बांध मध्येच काही कारण नसताना वळतो असे वाटले, की आतल्या बाजूला एखादे डबके शोधा. तिथे कधीतरी बांध फुटला होता. आत घुसलेल्या पाण्याने जमीन इतकी खोल खणली की खड्डा बुजवणे परवडेना, म्हणून नवा बांध त्याला वळसा घालून बांधला. डुर्गरडॅमच्या पुढचे किन्सेलमेर हे तळे असेच झालेले आहे. बांध फुटलेल्या रात्री आमच्या गावात घंटा वाजायची असे आजी सांगे. त्या वळणावर मला तिची आठवण झाली.

मार्केन १९५७ पर्यंत बेट होते, मग बांध घालून जमिनीला जोडले. घरे हाताने रचलेल्या उंचवट्यांवर दाटीने बसलेली आहेत. काही खांबांवर उभी होती, पूर आला की पाणी खालून जायचे. परतताना पाय दुखत असतील तर फोलेंडॅमला जाणारी बोट घ्या, अर्ध्या तासाची.

सायकलचे थोडे सविस्तर सांगते, कारण तिथे मी तोंडावर पडले. भाड्याच्या पुष्कळ सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पेडल उलटे मारले की ती थांबते. मी सवयीने मूठ आवळली. मुठीत काहीच नव्हते, आणि मी थेट काठावरच्या खाजऱ्या झुडपात. आपली खाजकुयली बरी म्हणायची वेळ आली. घेण्याआधी दुकानासमोर पाच मिनिटे उलटे पेडल मारून बघा. उंची कमी असेल तर सीट खाली करून मागा, संकोच नको, तिथली माणसे ताडमाड आहेत. वाट शोधायला नकाशाही फारसा लागत नाही. रस्त्यांच्या संगमांना नंबर दिलेले असतात, पांढऱ्या पाटीवर हिरवे आकडे. सकाळी चिठ्ठीवर पाच-सहा आकडे ओळीने लिहायचे आणि हँडलला चिकटवायचे, बस्स. जाताना वारा पाठीवर आला तर खूश होऊ नका, येताना तोच तोंडावर असतो.

पवनचक्क्यांसाठी दोन ठिकाणे. झान्सं स्खान्स आम्स्टरडॅमपासून आगगाडीने जवळ, म्हणून गर्दी. सकाळी दुकाने उघडायच्या आत पोहोचा. तिथली बरीच घरे दुसरीकडून उचलून आणून मांडली आहेत, तरी रंग दळणारी 'दे काट' चक्की आतून बघाच. पण एकच निवडायचे असेल तर रॉटरडॅमजवळचे किंडरडाइक. १७४०च्या सुमाराच्या १९ चक्क्या तिथे कालव्याच्या काठी ओळीत आहेत आणि त्या पीठ दळायला नव्हत्याच. खालच्या शेतातले पाणी मोठ्या चाकाने वर उचलून साठवायचे आणि नदी उतरली की तिच्यात सोडायचे. आपली मानस ओहोटीची वाट बघते. तिथली जमीन इतकी खचलेली, की नुसती वाट बघून भागेना, वाऱ्याला कामाला लावावे लागले. आत जाता येते अशा चक्कीत जाऊन पलंग बघा, कपाटाएवढा. थांबवलेल्या चक्कीच्या पात्यांवरून शेजाऱ्यांना बातमीही कळायची. पाते शिखराच्या जरा अलीकडे थांबवले तर घरात आनंद, जरा पलीकडे गेलेले असले तर दुखवटा.

हा सगळा कारभार बघणाऱ्या पाणी-मंडळांना तिकडे वाटरस्खॅप म्हणतात. काही तेराव्या शतकापासूनची आहेत, आजही त्यांची वेगळी निवडणूक होते आणि वेगळा कर भरावा लागतो. आपल्या गावकारीत, म्हणजे गावाच्या जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या मंडळीत, बांधाच्या डागडुजीवरून व्हायची ती भांडणे आठवली, आणि हेवा वाटला.

खीटहोर्नबद्दल माझे मत चांगले नाही, आणि आहेही. गावाच्या जुन्या भागात रस्ता नाही, फक्त कालवे आणि पूल. कोळशासारखे जाळायचे पीट खणले, ते वाहायला कालवे काढले, खणलेल्या जागी तळी झाली. दुपारी तिथे होड्यांची इतकी कोंडी होते की म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बरा. म्हणून स्टेनव्हाइक स्टेशनला उतरून बसने जा आणि एक रात्र राहा. संध्याकाळी बसेस गेल्या की आवाज न करणारी विजेची होडी तासाच्या भाड्याने घ्या. ती चालवायला परवाना लागत नाही.

पैशांचे एवढेच: खेड्यातही पुष्कळ दुकाने नोटा घेत नाहीत, कार्ड हवे. आगगाडीत आणि बसमध्ये तेच कार्ड चढताना टेकवायचे आणि उतरतानाही. उतरताना विसरलात तर जास्तीचे पैसे कापले जातात. नळाचे पाणी बिनधास्त प्या. मटारचे सूप शाकाहारी समजून मागवू नका, त्यात डुकराचे मांस असते.

शेवटचा दिवस मात्र एंकहाउझेनसाठी ठेवा. आम्स्टरडॅमहून आगगाडीने तासभर. इथल्या यान हाउखेन फान लिन्सखोतेनने १५८३ साली गोव्यात येऊन आर्चबिशपच्या पदरी चिटणिशी केली. परतल्यावर पोर्तुगिजांच्या सागरी वाटांची माहिती त्याने १५९६ साली छापून टाकली. पुढे १६३९ साली डच आरमाराने मुरगाव बंदरात पोर्तुगीज गलबते जाळली. एंकहाउझेनच्या बंदराजवळ डच ईस्ट इंडिया कंपनीचे जुने गोदाम आहे, नावच मिरीघर. आता ते संग्रहालय आहे आणि त्याचाच उघड्यावरचा भाग म्हणजे आसपासच्या गावांतून आणलेल्या घरांचे एक अख्खे गाव. हा भाग हिवाळ्यात बंद असतो. १९३२ साली ३२ किलोमीटरचा बांध घालून समुद्र बाहेर अडवला, आतले पाणी गोडे झाले आणि खाऱ्या पाण्यातली मासेमारी बुडाली. त्या कोळ्यांची ही घरे.

तिथे मासे धुरावणारी एक खोली आहे. काठ्यांना ओळीने टांगलेले हेरिंग, सोनेरी झालेले, भिंती काजळीने काळ्या. कागदात गरम मासा देतात आणि बाहेर बाकावर बसून हातानेच खायचा. मी पर्समधून मिसकुटाची, म्हणजे आपल्या कैरीच्या तिखट लोणच्याची छोटी बाटली काढली. शेजारच्या डच आजोबांनी वास घेतला, बोट बुडवले, डोळ्यांतून पाणी आले आणि त्यांनी बोट पुन्हा बुडवले. बाटली घट्ट झाकणाची न्या, माझे तेल पासपोर्टावर सांडले आहे.