टंचाई, चणचण, वानवा आणि एकटा ‘लॅक’

मराठी माध्यमातून शिकून मुंबईत इंग्रजी लिहिण्याच्या नोकरीला लागणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. अहवाल, भाषांतर, बातमी, कंपनीची पत्रं, काम कुठलंही असो, ‘कमी आहे’ हे सांगायची वेळ रोज येते. मी या एका अर्थावर चांगली अडखळले होते.

माझी पहिली नोकरी आरोग्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत होती. वस्त्यांमधल्या दवाखान्यांवर इंग्रजीत अहवाल लिहायचा होता. एका परिच्छेदात ‘लॅक ऑफ’ चार वेळा आलं: डॉक्टरांचं, औषधांचं, निधीचं, माहितीचं. तोच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये, असं शाळेत बाईंनी मनावर बिंबवलेलं. वर्डमध्ये शब्दावर कर्सर ठेवून शिफ्ट आणि एफ ७ दाबलं की समानार्थी शब्दांची यादी उघडते. त्यातून मी चार ठिकाणी चार शब्द घातले. डॉक्टरांच्या वाट्याला ‘ॲब्सेन्स’ आला.

अहवाल गेला आणि आठवड्याभरात एका दवाखान्याच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. “अहो, मी रोज शंभरावर पेशंट तपासते, आणि तुम्ही लिहिता डॉक्टर हजर नसतात?” तिथे तीन मंजूर पदांपैकी दोन रिकामी होती आणि तिघांचं काम त्या एकट्या ओढत होत्या. ‘ॲब्सेन्स ऑफ डॉक्टर्स’ वाचणाऱ्याला मात्र डॉक्टर कामावर येतच नाहीत असं वाटणार. हवा होता ‘शॉर्टेज’. त्याहून चांगलं म्हणजे सरळ ‘तीनपैकी दोन पदं रिक्त’. आकडा हाताशी असेल तर समानार्थी शब्द शोधत बसू नका, आकडा लिहा. आम्ही ते पान बदलून पुन्हा पाठवलं, मी बाईंची माफी मागितली. तरी त्यांचा दुखावलेला आवाज अजून कानात आहे.

त्या दिवशी आमच्या वरिष्ठांनी एकच प्रश्न विचारला, “हेच मराठीत लिहिलं असतंस तर काय लिहिलं असतंस?” तिथून माझी वाट बदलली.

आपण पाण्याची टंचाई म्हणतो, पैशाची चणचण, रक्ताचा तुटवडा, चांगल्या शिक्षकांची वानवा, अर्थसंकल्पातली तूट, लोहाची कमतरता. ‘पाण्याची वानवा’ किंवा ‘अर्थसंकल्पातली चणचण’ कानाला लगेच खटकते. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, घरात आणि नळावर ऐकून ते आलं. इंग्रजीतही शब्दांची अशीच सोयरीक असते. त्यामुळे पाठ करायची ती सुट्या शब्दांची यादी नव्हे, जोड्या.

तुटवड्याला बहुतेक वेळा शॉर्टेज चालतो. मिळायला हवी ती वस्तू किंवा माणसं सध्या पुरेशी मिळत नाहीत: रक्त, औषधं, कर्मचारी, पाणी. स्कॅर्सिटी जास्त खोल आणि लांबणारी. सरकारी कागदांत दुष्काळी भागातल्या टंचाईला हाच शब्द येतो. अर्थशास्त्राचा तर तो पायाच आहे. लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली केलेली अर्थशास्त्राची व्याख्या अमर्याद गरजा आणि मर्यादित साधनं यांवरच उभी आहे, आणि तिथे स्कॅर्सिटीच्या जागी शॉर्टेज घातला तर विषयच बदलतो.

तूट म्हणजे मोजलेली. सरकारच्या जमाखर्चात ती डेफिसिट, ठरवलेलं आणि मिळालेलं यांतला फरक असेल तर शॉर्टफॉल. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची साठवण क्षमता सुमारे १४.४७ लाख दशलक्ष लिटर. पावसाळा संपताना ते जितके कमी भरलेले असतील तो शॉर्टफॉल. पुढे उन्हाळ्यात पाणीकपात होऊन चाळीत हंडे लागतात ती शॉर्टेज. दोन्ही शब्द एकाच बातमीत आपापल्या जागी येऊ शकतात.

शरीरातल्या कमतरतेला डेफिशियन्सी: आयर्न, व्हिटॅमिन. पावसाच्या बातम्या करणार असाल तर इथे जपा. हवामान विभागाच्या भाषेत डेफिशियंट हे मोघम विशेषण नाही. सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी पाऊस म्हणजे डेफिशियंट, ६० ते ९९ टक्के कमी म्हणजे लार्ज डेफिशियंट, आणि १९ टक्क्यांपर्यंतची घट नॉर्मलमध्येच धरतात. पंधरा टक्के कमी पावसाला कुणी डेफिशियंट लिहिलं तर ती चूक माहितीची ठरते.

वानवेसाठी मला डर्थ आवडतो. ‘डिअर’ म्हणजे महाग, त्यावरून हा शब्द झाला. धान्य महागलं की उपासमार, असा त्याचा मूळ अर्थ. आपल्याकडे भिक्षासुद्धा मिळणं कठीण ते दुर्भिक्ष. दोन्हीकडच्या माणसांनी रिकाम्या हातांनीच हे शब्द घडवले. आज मात्र डर्थ चांगल्या माणसांची, कल्पनांची, पुराव्यांची वानवा सांगतो. ‘देअर इज नो डर्थ ऑफ टॅलेंट’ हे तर सर्रास दिसतं.

पॉसिटी कार्यालयीन पत्रांतला. ‘पॉसिटी ऑफ फंड्स’, ‘पॉसिटी ऑफ टाइम’. अर्जात चालेल, नेहमीच्या लिखाणात जड होतो. कोर्टाच्या कागदांत ‘फॉर वॉन्ट ऑफ’ भेटेल, तिथला ‘वॉन्ट’ म्हणजे इच्छा नव्हे, अभाव. भाषांतर करणाऱ्यांनी याच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघा.

लॅक टाकाऊ नाही. आत्मविश्वास, झोप, अनुभव, रस, अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींना तोच लागतो. ‘ही हॅज अ शॉर्टेज ऑफ कॉन्फिडन्स’ असं सहसा कुणी म्हणत नाही. फक्त क्रियापद असताना पुढे ‘ऑफ’ नको. ‘ही लॅक्स ऑफ एक्सपिरियन्स’ चूक, ‘ही लॅक्स एक्सपिरियन्स’ बरोबर. मुलाखतीच्या अर्जांत ही चूक मला आजही दर महिन्याला दिसते. आणि चारही जागी लॅकच नेमका असेल तर चार वेळा लिहा. शाळेतल्या बाईंचा नियम निबंधासाठी होता.

माझी सवय सांगते. ठाण्याहून सकाळच्या लोकलमध्ये बसायला मिळालं की इंग्रजी पेपरातली अशी एक जोडी वहीत उतरवते. डावीकडे मराठी वाक्य आधी, उजवीकडे इंग्रजी. उभं राहावं लागलं तर मोबाईलवर फोटो. दिवसाला एकच. वर्षभरात वही भरली, आणि शिफ्ट-एफ ७ ची यादी उघडली तरी त्यातलं काय टाकायचं ते कळू लागलं.

वहीत एका शब्दाची उजवी बाजू बरेच दिवस कोरी होती: उणीव. आमच्या त्याच वरिष्ठांच्या निरोपाचं कार्ड लिहायचं होतं, त्यांची उणीव भासेल असं. लॅक नाही, शॉर्टेज नाही, डेफिशियन्सी तर नाहीच. शेवटी लिहिलं, ‘युवर ॲब्सेन्स विल बी फेल्ट’. या वेळी ॲब्सेन्स बरोबर जागी बसला होता. कार्ड वाचून सरांनी त्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.